राहिलेला दुसरा नमस्कार

प्यो माल-सुन रोज सकाळी कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर एकटीच उभी राहायची, कारण दोघी उभ्या राहिल्या की कायद्याने ती सभा होते आणि सभेला पोलिसांची परवानगी लागते. एकटी असली की ती नुसती बाई. नुसत्या बाईला सोलमध्ये कुणी अडवत नाही आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. वय अठ्ठावन्न, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर चारच शब्द: "मेंग, गुम-दानला नमस्कार कर."

कंपनीचं नाव मी लिहीत नाही, माझ्या दारात वकील नकोत. भाताचे कुकर बनवते एवढं पुरे. आमच्याकडे अर्ध्या घरांत तोच कुकर शिट्टी न वाजवता भात शिजवतो, माझ्याही. मेंग हा त्या कंपनीचा संचालक. आणि गुम-दान म्हणजे बोक गुम-दान, माल-सुनच्या शेजारी एकोणीस वर्षं एकाच पट्ट्यावर तारा जोडणारी, तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिला 'ताई' म्हणणारी आणि आता हयात नसलेली बाई.

कारखाना सोलजवळ इंचॉनला होता. एका पट्ट्यावर चोवीस बायका आणि चोवीस जणींना लघवीला जायला एकच बिल्ला. गुलाबी प्लास्टिकचा, दोरीला अडकवलेला. तो गळ्यात असेल तिनेच उठायचं, बाकीच्यांनी बसायचं. सोन पान-दोल नावाचा फोरमन हातात घड्याळ घेऊन दाराशी उभा असायचा. तीन मिनिटं. त्यावर अर्धं मिनिट झालं की फळ्यावर नाव. एका दुपारी बिल्ला चाळीस मिनिटं गुम-दानकडे आलाच नाही. कुणीतरी आजारी होती, ती गेली ती आलीच नाही. शेवटी गुम-दानची पॅन्ट ओली झाली. पान-दोल लांबूनच ओरडला, "पट्टा थांबवू नका! सुट्टीत पुसा!"

त्या दिवसापासून गुम-दानने कामावर पाणी प्यायचं सोडलं. बाईने पाणी सोडलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माल-सुनच्या आलं होतं, पण ती तेव्हा गप्प बसली आणि या गप्प बसण्याचा राग तिला मेंगच्या रागाइतकाच आहे.

मग एका फेब्रुवारीत सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी दोन ओळींचा निरोप आला. कारखाना बंद, उद्यापासून येऊ नये. बायका कारखान्यातच बसून राहिल्या. गुम-दान पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्यावर चढली आणि एक्क्याण्णव दिवस खाली आली नाही. वर बादली होती, पण खाली कंपनीने भाड्याने आणलेली काळ्या कपड्यांतली माणसं फोन वर करून चोवीस तास छायाचित्रं घेत उभी. तिने वरही पाणी प्यायचं सोडलं. एक्क्याण्णवाव्या दिवशी मेंग स्वतः आला, कागद हलवून दाखवला, "सगळ्यांना परत घेतो, खाली या." ती उतरली. कागद खरा होता, सही खरी होती. फक्त ज्या कंपनीच्या नावाने सही होती ती कंपनी आदल्याच आठवड्यात कागदोपत्री विसर्जित झाली होती. आता परत घेणार कोण? वकिलाने हे समजावून सांगितलं तेव्हा गुम-दान हसली होती. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडायच्या सुमारास तिची मूत्रपिंडं गेली आणि मग ती गेली.

ती गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, आमच्यात मेलेल्याला शेवटचा निरोप देतात त्या दिवशी, माल-सुनने काचेच्या इमारतीच्या दारात तिचं पान मांडलं. फोटो, भात, मासा, तीन नाशपाती. मेलेल्या माणसाला आमच्यात दोन नमस्कार घालतात, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. जिवंत माणसाला एक. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. माल-सुनने पहिला नमस्कार घातला. दुसऱ्यासाठी ती उठून उभी राहते तोवर काळे कपडेवाले आले आणि त्यांच्या पुढे होता सोन पान-दोल. कारखाना बुडाला तरी फोरमन तरला होता, कंपनीने त्याला 'सुरक्षा सल्लागार' केलं होतं. टेबल उलटलं. फोटोची काच फुटली. नाशपाती घरंगळत गाडीच्या चाकापर्यंत गेल्या. गाडीतून मेंग उतरला, सांडलेल्या भातावरून टांग टाकून पुढे गेला आणि मागे न बघता म्हणाला, "जागा साफ करून घ्या."

दुसरा नमस्कार राहिला तो राहिलाच. माल-सुनने तिथेच खूणगाठ बांधली की हा नमस्कार याच दारात पुरा होईल आणि मेंगच्या डोळ्यांदेखत होईल.

कंपनीनेही ओळखलं की ही बाई सोडणारी नाही. आमच्याकडे सभेसाठी पोलीस ठाण्यात तीस दिवस आधी अर्ज देता येतो आणि एका जागेसाठी ज्याचा अर्ज पहिला त्याची जागा. मग कंपनीनेच रोजची सभा नोंदवायला सुरुवात केली. 'स्वच्छ पदपथ मोहीम.' छातीवर हिरवे पट्टे लावलेले तीन म्हातारे दिवसभर स्वच्छ पदपथ झाडत उभे. असा रोज एक अर्ज, तीस दिवस पुढचा. आणि तो अर्ज पहिला लागावा म्हणून ठाण्यात पहिल्या खुर्चीत रोज सकाळी येऊन बसणारा माणूस कोण? सोन पान-दोल. चार वर्षं दुसऱ्या कुणाला त्या दारात सतरंजी अंथरता आली नाही.

माल-सुन दुपारनंतर एका सार्वजनिक स्नानगृहात बायकांच्या पाठी घासायचं काम करते. हिरव्या खरबरीत फडक्याने अशी घासते की वर्षाचा मळ शेवयांसारखा निघतो. घासताना ती मनात मेंगची पाठ घासत असते, हे तिने मला स्वतः सांगितलं. गिऱ्हाइकं म्हणतात, मावशी, आज जरा हळू.

चौथ्या वर्षी जूनमध्ये विद्यापीठातून इन-योंग नावाची मुलगी हातात छापील प्रश्नावली घेऊन आली. समाजातल्या चळवळींचे प्रकार आणि त्यांचं भविष्य, असा तिच्या अभ्यासाचा विषय. इमारतीपलीकडच्या चौकात तिला गिऱ्हाइकांची कमी नव्हती. चाकाच्या खुर्चीतली मंडळी मेट्रो अडवून आलेली असत. हवामानासाठी शाळा बुडवणारी पोरं होती. झेंडे घेतलेले म्हातारे होते, ते सगळ्यांनाच शिव्या द्यायचे. हिवाळ्यात तर गाण्याच्या कार्यक्रमात नेतात ते रंगीत दिवे घेऊन मुली आल्या होत्या आणि सरकारच्या नावाने नाचल्या होत्या. माल-सुनला त्या मुली फार आवडल्या. आमच्या वेळी निषेध म्हणून टाळू भादरून बसायचो, ह्या नटूनथटून भांडतात, असं ती कौतुकाने म्हणायची.

"मावशी, तुमची चळवळ कुठल्या प्रकारात धरू?" इन-योंगने विचारलं. "सुधारणेची, क्रांतीची, हक्कांची, की आत्मशुद्धीची?"

"सुडाचा रकाना आहे का?"

"तसा नाहीये. 'इतर'मध्ये लिहू?"

"इतरमध्ये कशाला? वेगळा कर. आणि मोठा कर, बरेच जण निघतील."

इन-योंग हसली, पण तिने रकाना आखला. "आणि भविष्य? तुमच्या चळवळीचं?"

"सतरा सप्टेंबर."

"म्हणजे?"

"कंपनीचा वर्धापनदिन. मेंग त्या दिवशी अध्यक्ष होतोय. दारातच सोहळा आहे, पेपरात आलंय. तीस दिवस आधी म्हणजे अठरा ऑगस्टला तिथला अर्ज माझा पहिला लागला पाहिजे. त्याच्यापुढचं भविष्य तू लिही, तुला शिष्यवृत्ती मिळते."

दुसऱ्या दिवसापासून ती दारात उभं राहण्याआधी ठाण्यात जाऊ लागली आणि पान-दोलच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसू लागली. नऊच्या ठोक्याला हवालदार योम खिडकी उघडायचा, पान-दोल अर्ज सरकवायचा, खिडकी बंद.

"माल-सुन, कशाला मणके झिजवतेस?" पान-दोल म्हणायचा. "दुसरी खुर्ची ती दुसरीच."

"सवय आहे फोरमन साहेब. एकोणीस वर्षं तुम्ही सांगाल तिथंच बसले."

"अजून तोंड चालतं तुझं."

"तेवढंच चालतं. बाकी सगळं तुमच्या पट्ट्यावर झिजलं."

ती डबा आणायची. उकडलेले बटाटे, तिळाच्या तेलातले भाताचे रोल, कधी मुळ्याची किमची. पान-दोलची बायको त्याला सोडून लेकीकडे राहायला गेली होती आणि तो सकाळी दुकानातल्या कपातल्या नूडल्सवर यायचा. पहिले तीन दिवस त्याने तिच्या डब्याला हात लावला नाही, चौथ्या दिवशी एक बटाटा घेतला. जुलै संपेपर्यंत तो आज काय आणलंय म्हणून डोकावू लागला होता. जुन्या मैत्रिणी माल-सुनवर भडकल्या. गुम-दानच्या मारेकऱ्याला घास भरवतेस? ती म्हणायची, कोंबडं कापायच्या आधी दाणे टाकावेच लागतात.

त्यांच्या लक्षात नव्हतं ते तिच्या लक्षात होतं. सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया, वर बर्फ, हे पान-दोलचं जीव की प्राण असलेलं खाणं होतं आणि ते त्याला कधीही पचलं नाही. कारखान्याच्या खानावळीत उन्हाळ्यात ज्या दिवशी त्या शेवया असत, त्या दिवशी फोरमन दोनदा वाढून घ्यायचा आणि अर्ध्या तासात दाराशी दिसेनासा व्हायचा. तेवढ्या वेळात बायका बिल्ल्याशिवाय जाऊन यायच्या. चोवीस जणी त्या शेवयांची वाट बघायच्या. ज्याने आमच्या लघवीचा हिशेब ठेवला त्याच्या पोटाचा हिशेब आम्हीही ठेवला होता, असं माल-सुन सांगते.

अठरा ऑगस्टला आठ वाजताच हवा तापली होती. ठाण्यातला पंखा नुसता मान हलवत होता. माल-सुनने रुंद तोंडाचा थर्मास उघडला.

"हे काय?" पान-दोलने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच पालटला. "शेवया? घरी दळलंस?"

"पहाटे दळलं. पण तुम्हाला नको साहेब, बर्फ आहे. तुमचं पोट..."

"माझ्या पोटाला काय झालंय? आण इकडे."

तिने नको म्हटलं होतं, हे ती अजून ठासून सांगते. त्याने दोन वाडगे खाल्ले आणि उरलेलं दूध थर्मासाला तोंड लावून प्यायला.

आठ अठ्ठेचाळीसला तो बोलायचा थांबला. आठ एकावन्नला त्याने पायावर पाय घेतला. मग उलटा घेतला. कपाळावर घामाचे थेंब.

"योम साहेब," तो खिडकीकडे बघून म्हणाला, "मी आलोच. खुर्चीवर टोपी ठेवतो."

योमने मान वर केली नाही. "खुर्चीत माणूस लागतो. गेल्या वर्षी युनियनवाल्यांनी पिशवी ठेवली होती तेव्हा तुमच्याच कंपनीने आमच्याकडून लेखी घेतलंय. वस्तू चालणार नाही."

"अहो, दोन मिनिटं!"

"लेखी आहे."

पान-दोल माल-सुनकडे वळला. एकोणीस वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "माल-सुन, तू... जरा..."

माल-सुनने पिशवीत हात घातला आणि गुलाबी बिल्ला बाहेर काढला. कारखाना बंद झाला त्या दिवशी गुम-दानने तो खिळ्यावरून उचलून आणला होता. प्लास्टिक पिवळट पडलेलं, दोरी मात्र तीच. तिने तो त्याच्या गळ्यात घातला, मुंडावळ्या बांधाव्यात तसा निगुतीने.

"जा. तीन मिनिटं. घड्याळ लावलंय."

तो गेला. काय करणार होता! पोट धरून, बिल्ला छातीवर आपटत, कॉरिडॉरभर बूट वाजवत गेला. माल-सुन उठली, एक खुर्ची सरकली आणि बसली. खुर्ची अजून गरम होती. नऊ वाजले. खिडकी उघडली.

अर्जात उद्देशाच्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'नव्या अध्यक्षांचं अभिनंदन.' माणसं चाळीस. साहित्य, चटया. घोषणा नाहीत. कार्यक्रम, नमस्कार. योमने दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. पान-दोल अकरा मिनिटांनी परत आला तेव्हा तिने त्याच्या गळ्यातून बिल्ला काढून घेतला आणि म्हणाली, "आठ मिनिटं जास्त. फळा असता तर नाव लिहिलं असतं."

कंपनीला अर्जाची नक्कल मिळाली तेव्हा वरच्या मजल्यावर आनंदच झाला म्हणतात. बायका थकल्या, शरण आल्या. जुन्या कामगारांकडून अध्यक्षांना नमस्कार, याहून चांगला फोटो कुठला? त्यांनी छायाचित्रकारांना पुढची जागा दिली.

सतरा सप्टेंबरला दारात फुलांच्या उंच कमानी होत्या, काळ्या सुटातले पाहुणे होते आणि पहिल्या रांगेत मेंगची म्हातारी आई रेशमी पोशाखात बसली होती. दहाला पाच कमी असताना चाळीस बायका आल्या. कारखान्याचा निळा गणवेश, इस्त्री केलेला. ज्यांना तो होत नव्हता त्यांनी कडेने उसवून पट्टी लावली होती. चटया अंथरल्या. माल-सुनने स्वतःपुढे कापडात बांधलेली एक चौकोनी वस्तू ठेवली. पाहुण्यांना वाटलं, भेट.

मेंग गाडीतून उतरला. माल-सुनने कापडाची गाठ सोडली आणि चाळीस बायकांनी एकदम गुडघे टेकून कपाळं जमिनीला लावली.

वयस्कर बायका पायाशी वाकलेल्या आणि समोर पंचवीस कॅमेरे. आमच्यात अशा वेळी ताठ उभा राहील असा माणूस जन्माला आलेला नाही. मेंगची कंबर आपोआप लवली. चांगला खोल लवला, हसत लवला. वर येताना त्याची नजर चटईवर गेली. नव्या काचेच्या चौकटीतून गुम-दान त्याच्याकडे बघत होती. तो तिच्यापुढे वाकला होता आणि ते सगळं टिपलं गेलं होतं.

त्याचं हसू जायच्या आत बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडून कपाळाशी नेले. आणि मेंगकडे तोंड करून पुन्हा खाली गेल्या.

दोन.

फुलांच्या कमानीमागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "दुसरा घातला?" एका पाहुण्याने नातवाचं तोंड आपल्या कोटाकडे फिरवलं. मेंगचा चेहरा भाताच्या पेजेसारखा झाला होता.

"हे... हे काय चालवलंय?"

"राहिला होता, साहेब," माल-सुन उठत, गुडघे झटकत म्हणाली. "पहिला तिला पोचला होता, दुसरा तुमच्या माणसांनी पाडला. आज तुमच्या नावाने पोचता केला. तुम्हीही आता आमच्यासाठी मेलेल्यांतलेच."

मेंगची आई खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. पोटच्या पोराला चाळीस जणी मेलेल्याचा नमस्कार घालताना कुठली आई बघेल? माल-सुनने तिच्याकडे पाहिलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण गुम-दानलाही आई होती आणि तिची खुर्ची कुणी पहिल्या रांगेत मांडली नव्हती. माल-सुनने नजर खाली केली नाही.

सहा मिनिटांत चटया गुंडाळून बायका गेल्या. घोषणा नाही, धक्का नाही, अर्जाबाहेर काही नाही. वकिलांनी आठवडाभर डोकं खाजवलं, पण नमस्कार घालण्याविरुद्ध कलम सापडलं नाही. तो फोटो संध्याकाळपर्यंत गावभर झाला. मेंग अध्यक्ष झाला, अजून आहे. पण लोक सांगतात की नववर्षाला घरची पोरं नमस्काराला वाकली की तो पहिल्या नमस्कारानंतर हात पुढे करून त्यांना थांबवतो.

ऑक्टोबरमध्ये इन-योंग परत आली. माल-सुन दारात उभीच होती. पाटीचा पुठ्ठा नवा होता, मजकूर वेगळा: 'कागदावरच्या सहीचं काय झालं?'

"मावशी, सूड तर झाला. मग आता?"

"मेंगचा झाला. चाळीस जणी अजून बेकार आहेत. सुडाच्या खाली आणखी रकाने आख."

इन-योंग लिहीत असतानाच वीस पावलांवर एक माणूस येऊन उभा राहिला. तेवढं अंतर ठेवलं की दोन एकटे ते दोन एकटेच राहतात, सभा होत नाही, हे त्याला माहीत होतं. हे अंतर मोजण्यात त्याने चार वर्षं काढली होती. गळ्यात पाटी, अक्षर वेडंवाकडं: 'तेहतीस वर्षांची नोकरी, फोनवर दोन ओळी.'

सोन पान-दोल.

तासाभराने तो पायावर पाय घेऊ लागला. मग उलटा घेतला. पाटी खाली ठेवून गेलं की झाडणारे म्हातारे ती उचलून नेतात हेही त्याला माहीत होतं, तो नियम त्यानेच घालून दिला होता. शेवटी तो चुळबुळत जवळ आला.

"माल-सुन... ताई. जरा माझी पाटी धरता का?"

तो जन्मात पहिल्यांदा तिला ताई म्हणाला होता. माल-सुनने त्याची पाटी घेतली आणि भिंतीला टेकवली. मग पिशवीतून गुलाबी बिल्ला काढून त्याच्यापुढे धरला आणि त्याने मान खाली घालेपर्यंत तसाच धरून ठेवला. दोरी त्याच्या गळ्यात पडल्यावर तिने मनगट वळवून घड्याळाकडे पाहिलं.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "पळ."